हवालदाराचं अंगण

माझा जन्म अकोल्याला, जुन्या शहरात, आजोळी झाला, आणि तोही पायांकडून. सुईण बोलघेवडी होती. दुपार व्हायच्या आत तिनं ही बातमी मोर्णा नदीच्या दोन्ही काठांना पोचवली. पायाळू माणसाचे आमच्या वऱ्हाडात दोन उपयोग. कुणाच्या कमरेत उसण भरली तर त्यानं पाठीला पाय लावायचा, आणि जमिनीत कुठं धन पुरलेलं असलं तर ते पाहून सांगायचं. पहिलं काम मी चालायला लागल्यापासून केलं. चांगले मिशाळ, पगडीवाले लोक आजोळच्या ओसरीवर पालथे पडायचे आणि मी त्यांच्या कमरेत लाथ घालायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या कामाला मला एकदाच नेलं. मी आठ वर्षांची होते. ओळखीतल्या एका सरकीच्या व्यापाऱ्यानं पेढे देतो म्हणून आपल्या पडक्या वखारीत नेलं, बायकोकडून माझ्या डोळ्यांत काजळ घालून घेतलं आणि विचारलं, "काय दिसते, बाळ?" काजळ इतकं झोंबत होतं की मला समोरची भिंतही दिसेना. माझे वडील अमरावतीला वकिली करत. त्यांना कळलं तसे ते मिळेल त्या गाडीनं आले, त्या माणसाला फौजदारीचा धाक घातला, आणि परत जाताना मला म्हणाले, "कुणी गोड बोलून काही विचारायला लागलं की आधी त्याला काय हवंय ते शोधायचं." आमच्या घरात मुलांना शुभंकरोतीच्या बरोबरीनं ही शिकवण मिळत असे. वडिलांना प्रत्येक माणूस उलटतपासणीला उभा आहे असंच वाटायचं. मी त्यांचीच मुलगी. कुणी बरं बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

लढाई संपली त्या वर्षी मी भातकुलीच्या पलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेमागच्या खोलीत एकटी राहायची, शनिवारी बैलांच्या दमणीनं अमरावतीला घरी जायची. त्या गावचा एक हवालदार ब्रह्मदेशात कामी आला होता. जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन त्यानं गोळीबारातून ओढ्यापार आणलं आणि शेवटच्या खेपेला तो परत आला नाही. मरणानंतर त्याला पदक मिळालं. सरकारचा विजय साजरा करायला गावातले पुष्कळ जण तयार नव्हते. पण हवालदार सरकारचा नव्हता, गावचा होता, त्यामुळे त्याच्यासाठी काही करायचं म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता आलं नाही.

काय करायचं ते मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ठरवलं. त्यांनी बालवीरांच्या कुठल्याशा पुस्तकात खजिन्याच्या शोधाचा खेळ वाचला होता. दसऱ्याच्या दिवशी दुपारी गावात पाच ठिकाणी पाच चिठ्ठ्या लपवायच्या. प्रत्येक चिठ्ठीत हवालदाराच्या आयुष्यातल्या एका जागेचं कोडं. ते सोडवलं की पुढची जागा सापडायची, आणि शेवटी बत्तासे आणि एक चांदीचा पेला ठेवलेली पत्र्याची पेटी. "खेळता खेळता पोरांना वीर पुरुषाचं चरित्र पाठ होईल," असं ते म्हणाले. कोडी मी लिहायची, कारण मला यमकं जुळवता येतात अशी माझी ख्याती होती. मी लगेच विचार केला, यांना स्वतःला यमक जुळत नाही म्हणून मला पुढे करताहेत. ते खरंच होतं.

मग मी आठवडाभर घरोघर हवालदाराची माहिती गोळा करत फिरले. इतका खोटारडेपणा मी वडिलांच्या अशिलांतही पाहिला नव्हता. तो पोहायला कुठं शिकला, तर तीन विहिरींच्या मालकांनी आपापली विहीर सांगितली. आखाड्याचा वस्ताद म्हणाला, "माह्याच हाताखाली तयार झाला तो." त्यानं वाचवलेले जखमी हेडमास्तरांच्या तोंडी तीन होते, न्हाव्याकडे ते पाच झाले आणि चावडीवर पोचेपर्यंत अकरा. मी वही मिटली आणि म्हटलं, आता त्याच्या बायकोलाच विचारावं.

हवालदाराचं घर म्हणजे अर्धं घर. थोरल्या भावाशी वाटणी झालेली, एकाच अंगणाचे दोन भाग, मधे काट्यांचं कुंपण. पलीकडे भावाचा गोठा, अलीकडे हिच्या दोन खोल्या. बाई माझ्याच वयाची, पंचविशीतली. कपाळ मोकळं. मी आत शिरले तेव्हा ती अंगणाच्या कोपऱ्यात एवढीशी जागा सारवत होती. बाकीचं अंगण तडकलेलं, आणि हातभर रुंद, दोन हात लांब तेवढीच जागा गुळगुळीत, ताजी. मी तिकडे पाहिलं तसं तिनं हात पुसून त्यावर सूप उपडं घातलं आणि सुपाच्या पुढ्यात येऊन बसली.

मी म्हटलं, "तुमच्या मालकांची थोडी माहिती हवी होती."

"साऱ्या गावाले ठाव हाय. मले काय इचारता?"

"ते आखाड्यात जात ना?"

"त्याईच्या कानात माती गेली का ठणका लागे. आखाड्याच्या वाटीनं बी जात नोते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमी पायाळू हाय म्हनतात. खरं हाय काय?"

मी हो म्हटलं. तशी ती आणखी मागे सरून सुपाला टेकून बसली.

त्या सारवलेल्या जागेखाली काय होतं ते मी आताच सांगून टाकते. मला ते उशिरा कळलं, आणि मधल्या दिवसांत मी जी अक्कल पाजळली तिची मला अजून लाज वाटते, म्हणून वाचणाऱ्यालाही अंधारात ठेवायला मन घेत नाही. तिथं त्यांचं लेकरू होतं. दीड वर्षाची मुलगी, देवी येऊन गेलेली. लहान मुलांना आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि त्या गावची पुरायची जागा नाल्याकाठी होती. साऱ्या गावाचा समज होता की ती पोर नाल्याकाठी आहे.

पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की ही बाई काहीतरी लपवते आहे. माझ्या डोक्यात लगेच खटला उभा राहिला. हवालदार लढाईच्या मधे एकदा रजेवर आला होता. येताना जड पिशवी होती असं न्हावी म्हणाला होता. रजेत एका पहाटे बंद दाराआड खणल्याचा आवाज भावाच्या बायकोनं ऐकला होता, हे तिनंच मला सांगितलं होतं. म्हणजे इथं पाणी मुरतंय. पलटणीतून काही उचलून आणलं असेल, म्हणजे आमचा वीर पुरुष चोर. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे चहा घेताना मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "त्या बाईनं अंगणात काहीतरी पुरून ठेवलंय, हवं तर लिहून देते." हेडमास्तर हसले. शाळेचा शिपाई दाराशी उभा होता, तो हसला नाही.

मी शहाणी, शिकलेली, वकिलाची मुलगी. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. मी जे तर्कानं बोलले ते गावाच्या दृष्टीनं पायाळूनं पाहिलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उलगडा झाला. खेळ आहे हे त्यांना कळत होतं, पण पोरांच्या खेळासाठी पायाळू बाई घरोघर कशाला फिरवायची, हे आठ दिवस कुणाला पटत नव्हतं. आता पटलं. हेडमास्तर सरकारी माणूस, सरकारला हवालदारानं आणलेलं सोनं हवंय, आणि खेळ हे नुसतं निमित्त. ज्या विहिरीवाल्यांनी मला पाणी पाजलं होतं ते मला पाहून दार लोटून घ्यायला लागले. शाळेतल्या मुलींनी माझ्या डोळ्यांकडे बघायचं सोडलं. थोरला भाऊ मात्र रस्त्यात थांबून हात जोडून बोलला. "बाई, आमचं घर हाय. जे काई असन ते पहिले आमाले सांगजा." तो गोड बोलत होता आणि त्याला काय हवं होतं ते शोधायची गरजच नव्हती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, शाळा सुटल्यावर, ती बाई माझ्या खोलीवर आली. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. म्हणाली, "तुमाले दिसलंच हाय, मंग लपवून काय करू. पर कोनाले सांगू नका."

मला काय दिसलं होतं ते मला समजेना. मी गप्प राहिले, आणि मी गप्प आहे म्हणजे मला सगळं माहीत आहे असं धरून ती बोलत गेली.

हवालदार रजेवर आला आणि चौथ्या दिवशी पोरीला देवी आल्या. घरात देवी म्हणून कुणी फिरकलं नाही. भाऊसुद्धा कुंपणाच्या पलीकडून विचारायचा. पोर गेली तेव्हा पुरायला बरोबर यायला कुणी नव्हतं. "त्याईनं फडक्यात घेतलं आन् नाल्याकडे गेले. आन् घडीभरानं तसेच वापस आले. म्हने, तिथं कोल्ल्याइनं सारं उकरून ठेवलं हाय. मी इथं नाई ठेवत हिले." मग त्यानं पलटणीतलं फावडं काढलं, दार लावलं आणि उजाडायच्या आत अंगणात खणलं. तिसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून गेला.

"त्याईनं मले सांगतलं, तू हे जागा सारवत राय. मी आलो का मंग पाहू. आता ते बी नाई आले."

मी म्हटलं, तुमच्या दिराला सरळ सांगा. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी फारच भोळी आहे. थोरल्या भावाच्या दोन मुलांना त्या पावसाळ्यात सारखा ताप येत होता. घराच्या अंगणात मेलेलं पोर आहे हे कळलं तर तो ताप कुणाच्या नावावर जमा होईल हे तिला पक्कं माहीत होतं. "ते त्याच दिवशी उकरतीन आन् नाल्याकाठी नेऊन टाकतीन. लेकरू हाय वो बाई माहं, सोनं नोय." मी तिला शब्द दिला की कुणाला सांगणार नाही. तिनं मान हलवली. विश्वास बसल्याची ती मान नव्हती. दुसरा इलाज नसलेल्या माणसाची होती, आणि ते कळण्याइतकी मी वकिलाची मुलगी होते.

दसरा आला. सकाळी घरोघर शस्त्रं आणि अवजारं पूजेला लागली. दुपारी शाळेपासून खेळ सुरू झाला. पहिल्या चिठ्ठीपर्यंत तीस पोरं होती. दुसरी चिठ्ठी विहिरीवर होती, तिथं त्यांच्या मागे त्यांचे बाप दिसायला लागले. तिसरी वस्तादाच्या हट्टानं आखाड्यात ठेवली होती, तिथं मी वळून पाहिलं तर पोरं कमी आणि मोठी माणसं जास्त, आणि निम्म्यांच्या हातात सकाळी पुजलेल्या पहारी, हळदकुंकवासकट. चिठ्ठ्या कुणीच वाचत नव्हतं. हेडमास्तर घाम पुसत सगळ्यांना सांगत होते की पेटी पत्र्याची आहे आणि तिच्यात बत्तासे आहेत. जितकं ते सांगत तितकी लोकांची खात्री पटत होती की हा माणूस लपवतोय.

आखाड्यापासून जमाव सरळ हवालदाराच्या घराकडे वळला. थोरला भाऊ अंगणात उभाच होता. त्याच्या बायकोच्या हातात काजळाची डबी होती. "बाई, नुसती नजर टाका," तो म्हणाला. "तुमी मनसान तिथंच खंदू. बाकी कोनाच्या जाग्याले हात बी नाई लावनार."

हवालदाराची बायको आपल्या दारात उभी होती. कोपऱ्यातल्या जागेवर तिनं गवऱ्या रचून ठेवल्या होत्या. मी आले होते तेव्हा तिथं गवऱ्या नव्हत्या, आणि हे माझ्या ध्यानात आलं तसं दहा जणांच्या आलं असणार. मी नुसतं नाही म्हटलं असतं तर त्यांनी सगळं अंगण उकरलं असतं. खरं सांगितलं असतं तरी उकरलं असतं. तेव्हा जन्मभर मी जिला हसत आले ती एकच गोष्ट माझ्या हातात होती. मी खाली बसले आणि भावाच्या बायकोला म्हटलं, "घाला काजळ."

डोळे झोंबले, पाणी आलं, आणि ते बघून जमावानं वाट करून दिली. मी अंगणात सावकाश फिरले. कोपऱ्यातल्या गवऱ्यांपाशी थांबले नाही आणि घाईही केली नाही. कुंपणाची फट ओलांडून पलीकडे गेले, भावाच्या गोठ्यात शिरले, आणि त्याच्या बैलांच्या गव्हाणीकडे बोट दाखवलं. गव्हाण दगडाची, चुन्यात बांधलेली, बापजाद्यांची. मी म्हटलं, "याच्या खाली. खोल आहे."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोनं निघालं तर त्याच्या हद्दीत निघणार होतं, पण त्यासाठी गव्हाण फोडावी लागणार होती. तो फार वेळ थांबला नाही. बैल सोडले, पहार स्वतः घेतली. सगळं गाव गोठ्याभोवती गोळा झालं. मला आतून आनंद झाला, अगदी सूड घेतल्यासारखा. दगड निघाले, माती निघाली, एक फुटकी घागर निघाली तेव्हा आरडाओरडा झाला आणि तिच्यात मातीच होती तेव्हा थांबला. मी सारखी सांगत राहिले, अजून खाली, अजून खाली.

उन्हं कलल्यावर माझी नजर गोठ्याच्या दारातून बाहेर गेली. हवालदाराची बायको डोक्यावर टोपलं घेऊन मागच्या वाटेनं शेताकडे चालली होती. टोपल्यात वर गवत दिसत होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी इथं हिच्यासाठी डोळ्यांत काजळ घालून गावाशी खोटं बोलते आहे, आणि ही बाई गवताला निघाली. जागा वाचली की नाही हे बघायलासुद्धा थांबवत नाही हिला. मी मान फिरवली.

दिवस मावळायला आला तसे लोक सीमोल्लंघनाला जायचं म्हणून पांगले. गोठ्यात कमरेहून खोल खड्डा आणि फुटलेली गव्हाण राहिली. भावानं एवढंच म्हटलं की लग्नाचं वय उलटलं की पायाळूची नजर जाते. पत्र्याची पेटी शाळेच्या जिन्याखालीच होती. पेला तसाच राहिला, बत्तासे दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी दोन्ही शाळांना वाटले.

सकाळी मी तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेले. जागा वाचली होती, आणि ती माझ्यामुळे वाचली होती, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

ती कोपऱ्यात बसून माती लोटत होती. गवऱ्या बाजूला, दगड बाजूला, आणि खड्डा उघडा. अर्धा तिनं भरत आणला होता. पलटणीचं फावडं भिंतीला टेकवलेलं होतं. तिच्या तळव्यांना फडकी बांधलेली होती. मी काही विचारायच्या आत मला कालचं टोपलं आठवलं, आणि त्यातल्या गवताखाली काय होतं ते कळलं.

"काहून?" मी म्हटलं. माझ्या तोंडून तिच्याच बोलीतला शब्द निघाला. "मी त्यांना तिकडे गुंतवून ठेवलं होतं. इथं कोणी येणार नव्हतं."

"आज नाई, उद्या येतीन. आन् तुमची नजर पडली ना बाई या जाग्यावर. नजर पडली का मंग ते जागेवर रायत नाई." ती हे रागानं म्हणत नव्हती. पाऊस आला की वाळवण आत घ्यावं, तसं सांगत होती. "तुमी त्याईले तिकडं लावलं तवा मले येळ भेटला. तेवढे उपकार झाले तुमचे."

मला सांगायचं होतं की माझ्या नजरेत काही नाही, मला कधीच काही दिसलेलं नाही, मी फक्त संशय घेतला होता. पण मला तेव्हा रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता.

ती माती लोटत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उघडलं तवा कळलं मले, त्याईनं केवढं खोल खंदलं व्हतं ते. माह्या छातीइतकं. आन् खाली दगडाइची चौकट, घरासारखी. पलटनीत शिकले असतीन. मले कवा बोलले बी नाई." तिनं हातावरचं फडकं आवळलं. "मले तिकडं वावरात तेवढं नाई जमलं. काळी माती, वल्ली. गुडघ्याच्या जरा वर जमलं."

मी फावड्याकडे हात नेला. म्हटलं, "चला. दोघी मिळून खोल करू. मी येते."

तिनं माझा हात येण्याआधी फावडं उचललं आणि आपल्या पलीकडे ठेवलं.

"नाई," ती म्हणाली. "तुमी नका येऊ."